यंदाच्या कारोझेल्लोचे बी

मी, वितान्तोनिओ लाचिरिन्योला, वय सत्तावन्न, राहणार सावेलेत्री, समुद्राकडचे शेत, हे मृत्युपत्र कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके शाबूत आहे. स्वादुपिंडाबद्दल तसे म्हणता येत नाही. पुढच्या उन्हाळ्याचा विषय काढला की डॉक्टर खिडकीबाहेर बघतात. शाळा लवकर सुटली, बाकीचे मी वाचून शिकलो. ज्यांना यात चुका शोधायच्या असतील त्यांनी खुशाल शोधाव्यात. सापडणार नाहीत.

एक. घर, पोस्टातली शिल्लक आणि शेत माझी एकुलती मुलगी पाल्मा हिला. शेतावर कसलीही अट घालत नाही. विहिरीला समुद्र लागला आहे, त्या पाण्याने हात धुतले तर कातडीवर मिठाची साय धरते. पाल्मा दूर उत्तरेत, बोलोन्या शहरात असते, ती शेत विकेल आणि घेणारा पोहण्याचा तलाव बांधेल. बांधू दे. निदान त्या जागी गोडे पाणी तरी येईल.

दोन. लहान कुदळ मार्तिनो न्हाव्याला. ती उसनी नेल्यापासून त्याच्याकडेच आहे. आता कायदेशीर झाली. याच कारणाने त्याला साक्षीदार घेतलेले नाही.

तीन. कारोझेल्लो. याला बाहेरचे लोक काकडी म्हणतात. कोवळे असताना आम्ही ते काकडीसारखे खातो हे खरे, पण कूळ खरबुजाचे. हे मी शहाणपण मिरवायला लिहीत नाही. काकडीशेजारी लावा, काही होत नाही. खरबुजाशेजारी लावा, आणि मधमाशी दोघांचे लग्न लावून मोकळी होते. मग पुढच्या वेलींच्या फळांवर लव जाऊन खरबुजाची जाळी येते, गर गिळगिळीत गोडसर होतो, आणि बाकल्याच्या डाळीच्या घट्ट लगद्याबरोबर चावायला समोर काही उरत नाही.

हे बी माझी आई लग्नात पोलिन्यानोहून रुमालाच्या गाठीत घेऊन आली होती.

पाच वर्षांपूर्वी माझा धाकटा भाऊ दोनातो याने हॉटेलवाल्यांसाठी बांधाला लागून खरबुजे लावली. मी म्हणालो, "दोनातो, वरच्या तुकड्यात लाव की. माझं बी बाटेल."

"दादा, मधमाशांना मी आमंत्रण धाडलंय का? एवढी काळजी आहे तर घाल तुझ्या राजकन्यांना बुरखे!"

मी घातले. आमच्याकडे लग्नात साखरेचे बदाम जाळीच्या कापडात बांधून देतात. ती कापडे मी गावभरातून मागून आणली आणि टोपड्या शिवल्या. संध्याकाळी उद्या उमलणारी कळी बांधायची, सकाळी सोडून नरफूल हाताने फिरवायचे, पुन्हा बांधायची. लोक हसले. त्याची खरबुजे दर उन्हाळ्यात लागत राहिली, आणि दोनातोशी त्या दिवसापासून बोललो नाही. चर्चमध्ये तो डावीकडे बसतो, मी उजवीकडे.

मागचे दोन उन्हाळे खाऱ्या पाण्याने फळच धरले नाही. म्हणून यंदा टँकरचे पाणी आणून शिल्लक होते ते सगळे बी पेरले. वेली फुलावर आल्या, टोपड्या बांधल्या आणि मला इस्पितळात नेले. पाल्मा रजा काढून आली. तिने पाणी वेळेवर दिले, शेंडे खुडले, एक पान पिवळे पडू दिले नाही. टोपड्यांचे मी तिला कधी सांगितलेच नव्हते, ती घर सोडून गेल्यावरची ती गोष्ट. आठवड्याने खाटेशी आली ती हसतच.

"पप्पा, फुलांना पिशव्या कुणी बांधल्या होत्या हो? जीव गुदमरत होता बिचाऱ्यांचा. मी सगळ्या सोडल्या, धुऊन इस्त्री करून ठेवल्यात. आता या बघायला, काय फळं धरलीत!"

मी म्हणालो, "छान केलंस."

घरी आल्यावर एक कोवळे कापले. सालीवरची लव पुसली, देठाकडचा काप जिभेला लावला, कडू नव्हते. कडकडीत, गार, आईच्या हातचे असायचे तसेच.

"मग झालं तर!" पाल्मा म्हणाली. "तेच आहे ना?"

तेव्हा मला सांगावे लागले. फळ नेहमी आईच्या अंगाचे असते. बाप कोण होता हे बी पेरल्यावर पुढच्या वेली सांगतात, आणि त्या जुलैच्या आधी सांगत नाहीत. तिने हातातला काप ताटात परत ठेवला. तेव्हापासून तिने कारोझेल्लोला हात लावलेला नाही. वेडी पोर.

बियांसाठी राखलेली फळे पिकली, बी धुऊन वाळवले. बरणी फडताळात आहे. ते खरे आहे की बाटलेले, हे मला कधीच कळणार नाही. माझा अंदाज कोणी विचारत असेल तर बाटलेले.

चार. पाल्मा म्हणते बाल्कनीत लावू. बोलोन्याच्या बाल्कनीत कारोझेल्लो होत नाही. तिला माझा सुरा आणि टोपड्या. तिने इस्त्री फार सुरेख केली आहे.

बरणी दोनातोला. मोठ्या मनाने नव्हे. समुद्र न लागलेली विहीर आता त्याच्याकडेच उरली आहे. दोनातो, एक उन्हाळा खरबुजे लावू नकोस. लावशीलच, तुला मी ओळखतो. तरी लिहून ठेवतो. पहिले फळ कोवळे कापून देठाकडून खा. लव असली आणि दाताखाली कडकन वाजले, तर आईचे बी वाचले. गिळगिळीत लागले तर सगळ्या वेली उपटून कोंबड्यांना घाल.

दोन्हीपैकी काहीही झाले तरी पाल्माला फोन करायचा आणि म्हणायचे, "पोरी, कडकन वाजलं."

ही ओळ पाल्माही वाचणार आहे, हे मला ठाऊक आहे. तरी फोन कर.

स्वहस्ते लिहिलेल्या मृत्युपत्राला इथला कायदा साक्षीदार मागत नाही. मी मागतो.

साक्षीदार: अनुन्त्सियाता पाल्मिसानो, पावाच्या भट्टीवाली (सही)
साक्षीदार: क्विरीको सेमेरारो, निवृत्त पोस्टमन (सही)

वितान्तोनिओ लाचिरिन्योला (सही)
सावेलेत्री, ११ नोव्हेंबर २०२३