डाग पडण्याआधीचा फवारा

नाशिक रोड,
दसऱ्यानंतरचा मंगळवार, २००४

सौ. कुसाबाई विहीणबाईंना मालनबाईचा नमस्कार. व्याह्यांना, द्राक्षाच्या बागेला आणि तुमच्या त्या शिंगं रोखणाऱ्या गाईलाही. गुडघे कसे आहेत? लाडू वळायला खाली बसता येतं ना? सांगते आहे मी, लिहिते आहे तुमचीच लेक. तेव्हा अक्षर आवडलं तर माझं कौतुक करू नका आणि मजकूर टोचला तर तिला बोलू नका. (हसतेस काय गं सविता, पेन चालव.)

तुम्ही चार बायकांत म्हणालात म्हणे, की मालनबाईची अर्धशिशी कॅलेंडर बघून येते, नेमकी भाऊबीजेला, सुनेला माहेरी सोडायला नको म्हणून. विहीणबाई, मला कॅलेंडर वाचता येत नाही, एवढं तरी ध्यानात घ्यायचं! पण दोन दिवाळ्या पोरगी माझ्या उशाशी अडकली, हे खरं. तळणाचा धूर नाकात गेला की डाव्या डोळ्यामागे ठुसठुस लागायची आणि तासा-दोन तासांत कातडीच फितूर व्हायची. फणी लावली की सुया ओढल्यासारखं. डोक्यावरचा पदर सोसेना, बांगडी नको, उशी नको. सविताने कपाळावर हात ठेवला तरी मी खेकसायची. तिला वाटायचं, सासू आपल्यावर चिडली. (चिडायची, पण ती वेगळ्या कारणांनी.)

श्रावणात डॉक्टरीणबाईंनी नाकात मारायचा फवारा दिला, चार बाटल्या. ठुसठुस लागली की लगेच मारा, म्हणाल्या. आता बोटाएवढी एकेक बाटली, एका फवाऱ्यात संपणारी, ती काय साध्या ठुसठुशीवर घालवायची? मी सगळ्या ठेवल्या पैठणीच्या घडीत. डोकं फुटायला आलं, पदर टोचायला लागला, की मग एक काढायची. दोनदा काढली, दोनदा काही उपयोग नाही. त्यातून मी ती तपकिरीसारखी जोरात ओढली, सगळं कडू घशात. डॉक्टरीणबाईंना मी जे जे बोलले ते लिहायला सविता तयार नाही.

गेल्या महिन्यात ती माझी वेणी घालत होती. मी नुसतं ‘हळू’ म्हटलं, तर हिने फणीच खाली ठेवली. म्हणाली, “आई, ठुसठुस सकाळपासून आहे ना? मग आत्ता कातडी दुखायला लागल्यावर बाटली काढणार? आमचे अप्पा ढग आले की फवारतात. पानावर डाग दिसायची वाट बघितली असती तर एक घड हाती लागला नसता.” हिने डॉक्टरीणबाईंना विचारलं, त्याही तेच म्हणाल्या: कातडी दुखायच्या आधी औषध गेलं तर चांगलं लागू पडतं, उशीर झाला की तेवढं नाही.

आणि विहीणबाई, लग्नाच्या दिवशी आभाळ भरून आलं म्हणून व्याही मांडव सोडून पंप घेऊन बागेत पळाले होते, ते मी अकरा वर्षं ऐकवते आहे!

अष्टमीला पुऱ्या तळताना मी भुवई चोळली, तेवढ्यात हिने बाटली हातात ठेवली. पैठणीतून कधी काढली होती देव जाणे. हळूच मारली, पडून राहिले. दुपारी माझी मी तेल लावून फणी फिरवली. केस केसांसारखे लागले हो. रडले मी. (हेही लिही. तुझं नाक नंतर पूस.)

तर व्याह्यांना सांगा, मांडवातलं पळणं माफ. बागेतलं शहाणपण तुम्ही लेकीच्या ओटीत घालून पाठवलंत आणि मी तिच्या पोळीचा आकार बघत बसले. हे तिच्या तोंडावर म्हणायला मला जमत नाही, म्हणून तिच्याकडूनच लिहून घेते आहे.

तुमची विहीण,
मालनबाई
(डाग शाईच्या अंगठ्याचा आहे, हळदीचा नाही.)

ता. क. भाऊबीजेला सविता आणि नात निकिता येतायत. फवारा आता माझ्या कनवटीला असतो. तरी माझी ठुसठुस माझ्याआधी हिला कळते, म्हणून हिला पंधरा दिवसांवर ठेवून घेऊ नका. (आई, सासूबाई आठ म्हणाल्या. – सविता)

आणखी ता. क. विहीणबाई, मला अक्षर येत नाही, पण ‘आठ’ लिहायला पेन किती चालतं ते कळतं. हिचं बरंच चाललं, आणि कान लाल झाले. मी ते कोणाकडून वाचून घेणार नाही. जे लिहिलं असेल ते मीच म्हटलं, असं समजा.