माझ्या मार्गदर्शकपदी माझीच नेमणूक झाल्याबाबत

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
विभागीय विज्ञान मार्गदर्शन कक्ष, रोहा.

विषय: नेमलेला मार्गदर्शक बदलून मिळणेबाबत.
संदर्भ: आपले नेमणूकपत्र, दि. १९ मार्च २०२५.

महोदय,

१. मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. असून गडब येथे राहते. खाडीचा बांध फुटल्यावर खारे पाणी भातशेतीत कुठवर शिरते, यावर माझा शोधनिबंध आहे. त्यातील गणितावरून मोबाइलवर चालणारा नकाशा करायचा आहे: बोटाने भरतीची उंची वाढवली की बुडणारी शेते दिसावीत. गणित तपासलेले आहे. मी जमवलेल्या कच्च्या नकाशात मात्र बोट फिरते, पाणी हलत नाही. म्हणून कोड लिहिणारा मार्गदर्शक मागितला होता.

२. प्रथम श्री. नितेश घरत (मत्स्यपालन) मिळाले. त्यांनी निबंध शेवटपर्यंत वाचला, याबद्दल आभार. त्यांचा सल्ला: "ताई, पाणी अडवताय कशाला? येऊ दे आत, कोळंबी सोडू."

३. तक्रार केल्यावर आपण 'संगणकतज्ज्ञ' नेमल्या. त्या मी आहे. आपल्या कक्षाच्या गेल्या वर्षीच्या महिला शिबिरात हजेरीपत्रकावर 'काय येते?' या रकान्यात मी 'संगणक, थोडा' लिहिले होते. इतर महिलांनी पापड लिहिले. तज्ज्ञांची यादी त्याच पत्रकावरून झाली, असे आपले लिपिक श्री. साहिल यांच्याकडून समजले.

४. नियमानुसार मार्गदर्शक व अर्जदार चर्चा करतानाचा फोटो लागतो. अडचण सांगताच श्री. साहिल म्हणाले, "मॅडम, आरशासमोर बसा ना. दोघी येतील." मी बसले. 'मार्गदर्शक डावखुऱ्या असल्याची नोंद नाही' असा शेरा मारून फोटो परत आला. शेरा शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे.

५. २७ एप्रिलला गावकी बसेल. बांधाला दोन खांडी (भगदाडे) पडल्या आहेत. घरटी एक माणूस धरला तरी पावसाआधी एकच बुजेल. कोणती, हे माझ्या कागदावरून कोणी मान्य करत नाही. "तूच लिवलंस, तूच सांगतंस," म्हणतात. स्वतःच्या बोटाने पाणी चढवून पाहिले तर मानतील. गोदूबाई रोज दारात येतात: "गो बाय, माझा शेत वाचल का नाय, एवढा सांग. तुझा साहेब येल तवा येल." नकाशा नसला तर ज्याचा आवाज मोठा, त्याच्या बाजूची खांड बुजेल. गोदूबाईंचा आवाज बारीक आहे.

६. तरी मी मार्गदर्शकपदाचा राजीनामा देत आहे. त्यास अर्जदाराची संमती लागते. ती घेतली आहे. "बाई स्वभावाने बऱ्या, पण कोड येत नाही," असे अर्जदाराने लिहून दिले आहे. कृपया २७ तारखेपूर्वी कोड येणारी कोणतीही व्यक्ती पाठवावी. वयाची, पदवीची अट नाही. फक्त ती मी नसावी.

आपली नम्र आणि, राजीनामा मंजूर होईपर्यंत, आपलीच तज्ज्ञ,
(सही)
सुरभी बाबाजी मोकल
मु. गडब, ता. पेण
दि. ८ एप्रिल २०२५