सहा माणसांच्या लिफ्टमधली मगर

३ ऑगस्ट, रविवार. संध्याकाळी ७.४०

शिसारी आली. आज मगरीचा सिनेमा पाहिला. नऊशे किलोची मगर (शास्त्रज्ञ बाई स्वतःच्या तोंडानं सांगते, नऊशे किलो) हॉटेलच्या लिफ्टमध्ये शिरते आणि थेट अकराव्या मजल्यावर उतरते. लिफ्टच्या आत ढळढळीत पाटी आहे: सहा माणसे, ४०८ किलो. मी तेवीस वर्षं लिफ्ट तपासतोय. एवढं वजन चढलं तर बझर बोंबलतो, दार मिटत नाही, लिफ्ट जागची हलत नाही. इथे ती मगरीला घेऊन तरंगत वर जाते! दिग्दर्शकाला जनाची नाही, निदान मनाची?

ताबडतोब पॉझ केला आणि सगळ्यांना समजावून सांगितलं. सगळे म्हणजे ही, हिची थोरली बहीण आणि आमच्या खाली राहणारी दातांची डॉक्टर. कागदावर आकृती काढून ओव्हरलोड स्विच कुठे असतो तेही दाखवलं. वीस मिनिटं कुणी चकार शब्द काढला नाही. डॉक्टरीणबाईंनी तीनदा जांभई दिली, पण दिवसभर लोकांच्या उघड्या तोंडात बघणाऱ्या माणसाला ती सवय लागणारच.

कथेतली एकूण भगदाडं ३१. सिनेमा एक तास अडतीस मिनिटांचा, आम्हाला लागले चार तास. डोळसपणे बघणं म्हणतात ते हे.

५ ऑगस्ट, मंगळवार

ऑफिसात लंच टाइममध्ये मगरीचा फॉर्म भरून पूर्ण केला. तपासणीचाच फॉर्म आहे, वरती 'इमारतीचे नाव' खोडून 'सिनेमाचे नाव' लिहिलं की झालं. अ-वर्ग दोष म्हणजे लिफ्ट जागच्या जागी सील. ब-वर्ग, पंधरा दिवसांत दुरुस्ती. क-वर्ग, नुसती समज. मगर अ-वर्गात. फाइल क्र. ३ भरत आली. तीन वर्षांत १,१२६ भगदाडं. कधीतरी पुस्तक काढायचं आहे, लोकांचे डोळे उघडतील.

मुख्य तपासनिसांनी फाइल चाळली. विचारलं, घरी तुमच्याशी कुणी बोलत नाही का? म्हटलं, बोलतात, पण मुद्द्याचं नाही.

१० ऑगस्ट, रविवार. संध्या. ८ वाजता

जुळ्या भावांचा सिनेमा. वीट आला. इंटरव्हलपर्यंत थोरल्याच्या डाव्या गालावर तीळ, नंतर उजव्या. आंधळी आई बावीस वर्षांनी त्याला नुसत्या वासावरून ओळखते. बावीस वर्षांत यानं साबण बदलला नसेल? पॉझ केला. ही म्हणाली, अहो, तिला रडू तरी द्या आधी. दिलं. दीड मिनिट रडू दिलं, मग साबणाचा मुद्दा मांडला.

मेहुणी पाणी आणायला उठली ती चाळीस मिनिटांनी आली. डॉक्टरीणबाईंना अचानक कुणाची तरी दाढ उपटायची आठवण झाली. गॅलरीतून पाहिलं तर कुंड्यांना पाणी घालत होत्या. पेशंटला उशीर झाला असावा.

मग ही आणि मी असे दोघेच उरलो. मला रविवारची दुपार आवडते ती याचसाठी. सोमवार ते शनिवार आम्ही गॅस, दूध आणि गळका नळ एवढंच बोलतो. रविवारी ही माझ्या उजव्या हाताला बसते, पाय वर घेऊन, आणि चार तास मी तिच्याशी बोलतो. सव्वीस वर्षांच्या संसारात याहून जास्त काय हवं?

संकल्प: पुढच्या रविवारपासून अधिक तयारीनं बोलायचं.

१३ ऑगस्ट, बुधवार

ही म्हणाली, येत्या रविवारपासून ताईकडे जाणार आहे. ताईचे गुडघे फार धरलेत. तेल लावायचं, शेकायचं. तीन ते सात. दर रविवारी? हो, दर रविवारी. विचारलं, डॉक्टर काय म्हणतात? ही माझ्या हत्यारांच्या पिशवीकडे बघत म्हणाली, वंगण संपलंय म्हणतात.

हे मला लगेच पटलं. वंगण संपलं की काय होतं ते माझ्याइतकं कुणाला कळणार? म्हटलं, जा जा, माझी काळजी करू नकोस. नाही करणार, म्हणाली.

१४ ऑगस्ट, गुरुवार

योगायोग पाहा, आज नेमकी ताईंच्या बिल्डिंगची वार्षिक तपासणी. दोर ठीक, ब्रेक ठीक, दारं ठीक. केबिनमधला आणीबाणीचा दिवा लागत नाही. सेक्रेटरी गयावया करत म्हणाला, साहेब, हे ब-वर्गात बसतं, पंधरा दिवस द्या. शक्यच नाही. वीज गेली आणि माणूस अंधारात अडकला तर? चौथ्या मजल्यावर माझी सख्खी मेहुणी राहते, तिचे गुडघे गेलेत, म्हणून मी काय डोळे मिटायचे? नाती कामाच्या आड येऊ देत नाही. सील ठोकलं.

१७ ऑगस्ट, रविवार. दुपारी ४.१५

एकटाच. गुप्तहेराचा सिनेमा लावला. हीरोच्या पिस्तुलात सहा गोळ्या, मी एकोणीस मोजल्या. पॉझ केला, उजवीकडे वळलो. उशी होती. तरी मुद्दा पूर्ण केला. अर्धवट सोडायची सवय नाही.

संध्या. ७.३०. ही आली. गाल लाल, डोळे पाणी वाहून गेल्यासारखे. तेल भलतंच उग्र दिसतंय. एकोणीस गोळ्यांचं सांगायला घेतलं तर म्हणाली, उद्या सांगा, आज हसून हसून, मग थांबली, आज शेकून शेकून दमलेय.

२१ ऑगस्ट, गुरुवार

दुपारी बाजारातल्या स्टॉपवर मेहुणी दिसली. बस सुटली होती. दोन पिशव्या घेऊन तिच्यामागे धावली, दांडी पकडली, चढली. एका रविवारात एवढा फरक! हिला संध्याकाळी सांगितलं, तुझ्या हाताला गुण आहे हो. हिला ठसका लागला. म्हणाली, धावली म्हणूनच आता जास्त दुखतायत. बरोबर आहे. कोर्स पूर्ण केलाच पाहिजे.

२४ ऑगस्ट, रविवार

ही अडीचलाच गेली. जाताना पर्समध्ये मक्याच्या लाह्यांचं मोठं पाकीट. विचारलं. गरम लाह्या फडक्यात बांधून शेकतात म्हणे. मिठाच्या आणि लोण्याच्या स्वादाच्या. मिठानं सूज उतरते हे मी ऐकून आहे.

खाली डॉक्टरीणबाईंच्या दाराला कुलूप. त्याही तिकडेच, ही सांगत होती. दात काय, गुडघे काय, शेवटी हाडंच.

स्वतःची शिस्त म्हणून ठरवलं: एका सिनेमात पॉझ फक्त पाच. ही परत येऊ लागली की बरं पडेल, एकदा म्हणाली होती जास्त होतात म्हणून. आज सराव केला. पाचही पॉझ सुरुवातीची नावं संपायच्या आत संपले. पण त्यात माझा काय दोष? जंगलात हरवलेली नायिका पहिल्याच दृश्यात इस्त्रीची साडी नेसून उभी असेल तर माणसानं काय करायचं, गिळून टाकायचं?

२७ ऑगस्ट, बुधवार

एक गोष्ट डोक्यात आली. लिफ्ट तेरा दिवस बंद आहे. बाकी बिल्डिंगचे रोज फोन, शिव्याच म्हणा ना. पण जिचे गुडघे गेलेत आणि जी चौथ्या मजल्यावर राहते, त्या बाईचा मला एकही फोन नाही. सिनेमात असं असतं तर मी लेखकाचं बखोट धरलं असतं.

थोड्या वेळानं लक्षात आलं. मेहुणी नियमाचा मान राखणारी आहे. तिच्याबद्दल आदर वाढला.

३१ ऑगस्ट, रविवार. संध्या. ६.००

ही नाही म्हणून कुणाचं अडत नाही हे दाखवायचं ठरवलं. जिन्यात नोटीस लावली: आज दुपारी ३ वाजता, सिनेमातील दोषांवर सोदाहरण चर्चा, सर्वांना मुक्त प्रवेश. साडेतीनला पहिल्या मजल्यावरचे पेन्शनर आले. मनापासून आनंद झाला. पहिल्या पॉझलाच म्हणाले, आमच्या घरात वरून पाणी गळतंय, तेवढं बघायला आलो होतो. नळ पाहिला आणि गेले.

घर फार गप्प वाटतं. हिच्या जागेवर फाइल ठेवली आहे.

संकल्प: हा काळ निघून जाईल. गुडघे काही जन्मभर शेकावे लागत नाहीत.

७ सप्टेंबर, रविवार. दुपारी १.३०

दिवा बदलला, सेक्रेटरीचा फोन आला. बिल्डिंगवाले इतके तापलेत की आज सुट्टीच्या दिवशी फेरतपासणी करतो म्हटलं. हिला बोललो नाही. काम उरकून चौथ्या मजल्यावर अचानक उभा राहीन. ताईंची विचारपूस करीन. फाइल क्र. ३ बरोबर घेतली आहे, आजारी माणसाला काहीतरी वाचायला हवं. जमलं तर मगरीचं प्रकरण स्वतः वाचून दाखवीन, शेकताशेकता ऐकतील.

दुपारी ४.३५. मशीन रूममध्ये बसून लिहितोय.

मशीन रूम गच्चीवर, लिफ्ट सीलबंद, म्हणून जिना चढत होतो. चौथ्या मजल्यावर ताईंच्या दारापाशी दम खायला थांबलो. आतून ढम्‌ ढम्‌ ढम्‌. मगरीचं संगीत. झोपेतही ओळखीन.

मग हिचा आवाज. म्हणत होती, ए, वजनाचं मरू दे, पण तिनं अकराचं बटण दाबलं कशानं? एवढेएवढेसे पाय तिचे! मेहुणी म्हणाली, नाकानं दाबलं असेल. ही म्हणाली, मगरीचं नाक केवढं, एकदम सगळीच बटणं दाबली जाणार, मग प्रत्येक मजल्यावर दार उघडतंय आणि मगर आपली संकोचून भिंतीला चिकटून उभी, माफ करा हं, अजून अकरावा नाही आला. डॉक्टरीणबाई किंचाळल्या, बास गं, पोट दुखतंय माझं. कुणीतरी धप्पकन खाली पडलं. मेहुणीच असणार, कारण लगेच उठून ती मगरीची चाल चालून दाखवत होती. गुडघ्यांवर. सिनेमा चालूच होता. कुणी पॉझ केला नाही.

मी हा सिनेमा चार तास पाहिला. वजन, बझर, दोर, ओव्हरलोड. बटण राहिलं. माझ्या फॉर्मवर पहिला रकानाच बटणांचा आहे.

पण ते नाही. मला इतकी वर्षं वाटत होतं हिला भगदाडं दिसत नाहीत, म्हणून मी दाखवतो. हिला सगळी दिसतात. माझ्यापेक्षा जास्त दिसतात. आणि ही असं हसते हे मी विसरूनच गेलो होतो. शेवटचं कधी ऐकलं ते आठवायला बसलो, आठवलं नाही.

बेलपर्यंत हात नेला. बेल वाजली की हे हसणं थांबेल, हे मला तिथल्या तिथे कळलं. आणि मग किळस आली. आज सिनेमाची नव्हे. फार वाईट वाटलं.

जिना चढून वर आलो. दिवा लागतोय. बझर वाजतोय. बटणं प्रत्येकी दोनदा दाबून पाहिली. सील काढलं. प्रमाणपत्र भरून लिफ्टच्या आत चिकटवतो आणि जातो. फाइल परत नेतोय.

संध्या. ७.२०

ही आली. म्हणाली, ताईकडची लिफ्ट सुरू झाली, आज खाली येताना पायऱ्या वाचल्या. म्हटलं, हो का, बरं झालं.

प्रमाणपत्र डोळ्यांच्या उंचीवर लावलं आहे, नियमच तसा आहे. माझं नाव, माझी सही, आजची तारीख, वेळ दुपारी ४.५०. चार मजले उतरेपर्यंत ते सोडून वाचायला दुसरं काही नसतं.

विचारलं, ताईंचे गुडघे कसे आहेत?

ही बराच वेळ वाकून चपलेचा बंद सोडवत राहिली. मग म्हणाली, दुखतातच अजून.

म्हटलं, मग तुला जायला हवं दर रविवारी. ही हो म्हणाली.