आजीचे एक्केचाळीस दाणे

प्रिय आई,

आणि वर मलाच विचारतेस, "एर्मेक, अजून राग गेला नाही का रे?" कसा जाईल? आजीचे एक्केचाळीस दाणे होते ते. घेवड्याचे असले म्हणून काय झालं? जन्मभर ते मांडून तिने लोकांना पुढचं सांगितलं, तिच्यामागे तू. आणि तू ते कांदा घालून शिजवलेस, खाल्लेस, वर हसत सांगतेस, "जुने होते, नीट शिजलेच नाहीत!" मी इथे परदेशात, येकातेरिनबुर्गला, सोळाव्या मजल्यावर दोराने टांगलेल्या पाळण्यात उभा राहून भिंतींना गिलावा करतो. दर सोमवारी तू दाणे मांडून "वाट मोकळी आहे, जा" म्हणायचीस, तेव्हा कुठे माझा पाय पाळण्यात पडायचा. मला विचारायचं तरी होतंस.

हे फोनवर बोलता येत नाही. तू आवाज मोठा ठेवतेस आणि मागे कुणीतरी चहा ढवळत असतं. ती ल्यूबाच असणार. म्हणून गावाकडे निघालेल्या सुयुन ड्रायव्हरच्या हाती पत्र देतोय. पाकीट फोडलेलं दिसलं तर कळव.

मला त्या ल्यूबाचा पहिल्यापासून संशय. बाजारात गाजराची कोशिंबीर विकणारी कोरियन बाई, ना नात्याची ना गोत्याची, तिला तुझं एवढं काय पडलंय? मी जिल्दिजला म्हटलं, तू तिची लेक, रविवारी आईबरोबर ल्यूबाच्या प्रार्थनेला जा आणि नीट बघ, कशावर अंगठा मागतात का, गाईची चौकशी करतात का. ती म्हणाली, "दादा, ते गातात, प्रार्थना करतात, थोडं रडतात, मग जेवतात. निघताना आईला पिठाचं पोतं दिलं." झालं! फुकट पोतं कोण देतं? घरावर डोळा आहे, दुसरं काय. त्यातच कादिरकाकांचा फोन. "तुझी आई येशूची झाली. जेवणावळीला तिला कुणी बोलवत नाही. उद्या मेली तर कबरस्तानात जागा मिळायची नाही. माझा भाऊ गेला, आता घरातला पुरुष तू. रविवारी जायचं नाही म्हणून तू सांग, तुझं ती ऐकेल." मी म्हटलं, बघतो.

पण सगळ्यांत जास्त संशय मला तुझाच आला. दिवसातून तीनदा फोन करणारी तू. जेवलास का, पोलिसांनी अडवलं का, परवान्याची मुदत संपली का. आता आठवड्यातून एकदा फोन, आणि आवाज कसा संथ. माझी आई आणि शांत? मला वाटलं, हे लोक काहीतरी पाजतात. नाहीतर तुला मोठा आजार झालाय आणि तू लपवतेस. जिल्दिजला खोदून खोदून विचारलं, तेव्हा ती रडायलाच लागली. म्हणाली, दाणे बहुतेक वेळा वाईटच पडायचे. तू पुन्हा मांडायचीस, पुन्हा वाट बंद. तरी मला सांगायचीस, मोकळी आहे, कारण कामावर गेलो नाही तर मुकादम हाकलून देईल. आणि संध्याकाळी माझा आवाज कानावर पडेपर्यंत पोटात घास जायचा नाही तुझ्या. बाजारात श्वास कोंडून खाली बसलीस, तेव्हा टोपल्या उघड्या टाकून ल्यूबाने तुला घरी आणलं, हेही मला तेव्हाच कळलं. "आता आई सकाळी तुला येशूच्या हाती देते आणि कामाला लागते," जिल्दिज म्हणाली. "भीती परत येते कधीकधी. मग ती पुन्हा तुला त्याच्या हाती देते."

म्हणजे दोन वर्षं मी तुझ्या थापेवर चढत होतो! आधी फार चिडलो. मग मंगळवारी पाळण्यापाशी उभा राहिलो. दाणे नाहीत, थापही नाही. मुकादम गेना ओरडला, "काय नवरदेव, वाजंत्री मागवू का?" मी मनात म्हटलं, येशू, तुझी-माझी ओळख नाही, तुझ्या माणसांवर माझा भरवसा नाही. पण माझी आई आता खोटं बोलत नाही आणि तिला झोप लागते. तेव्हा माझंही तू बघ. पाळण्यात चढलो, दोर दोन्ही हातांनी धरला. वर पोचेपर्यंत सोडला नाही. मग गिलाव्याच्या नादात कधी सोडला ते कळलं नाही. दुपारी डबा सगळा संपवला. एवढंच झालं. हे ल्यूबाला सांगू नकोस, लगेच गाणं सुरू करेल.

खरं तर हे पत्र कादिरकाकांपायी लिहितोय. काल मी त्यांना फोन केला. म्हटलं, काका, घरातला पुरुष मीच ना? मग ऐका. आई रविवारी जाणार. कबरेच्या जागेचं मी गावी आलो की माझ्याशी बोला, तिच्याशी नाही. ते खूप बोलले, आणि तुझ्या दारात येऊनही बोलतील. घाबरू नकोस. घाबरलीसच, तर काय करायचं ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पुढच्या रविवारी प्रार्थनेला सगळे आपल्याकडे जमणार असं जिल्दिज म्हणत होती. आपल्या घरून कुणी नुसता चहा पिऊन जाऊ नये. पत्रासोबतचे पैसे सुयुनच्या समोरच मोजून घे, त्याचाही काही नेम नाही. बारा हजार सोम आहेत. त्यातले दोन हजार ल्यूबाच्या माणसांच्या जेवणाला.

तुझाच,
एर्मेक