हिचं विमान आणि बॅटरीचा पट्टा

३ मार्च, सोमवार
लेकीचा फोन. रविवारी येऊन आईचं रिमोटवरचं विमान घेऊन जाते म्हणाली. खुशाल ने म्हटलं. असल्या गोष्टींत जीव अडकवून बसणाऱ्यांतला मी नाही. फक्त नेण्याआधी एकदा मी स्वतः उडवून दाखवणार. हिने वर्षभर खपून बनवलेलं विमान, ही गेल्यापासून कपाटावरच आहे.
संकल्प: रोज पहाटे मैदानात सराव.

४ मार्च
सराव नाही. आधी थिअरी पक्की हवी.
बॅटरीच्या कप्प्यातला पट्टा काढून टाकला. खाली वेल्क्रो चिकटवलेलं असताना वरून पट्टा कशाला? हिचं सगळंच डबल. दाराला दोन कड्या, दुधावर दोन झाकणं. पट्टा माझ्या छत्रीला मात्र फिट्ट बसला.

५ मार्च, सकाळी
लेकीचा पुन्हा फोन. पट्टा आवळा, आई करायची तसं विमान उलटं धरून हलवून बघा. बॅटरी मागे सरकली तर तोल जातो, नाक वर होतं आणि विमान कोसळतं, वगैरे. बापाला शिकवते! उभा जन्म लिफ्टची तपासणी केली मी. हो हो म्हटलं.
ही मैदानात चारचौघांत विमान उलटं धरून गदागदा हलवायची. मी लांब उभा राहायचो, ओळख नसल्यासारखा.

७ मार्च
सराव नाही. बाहेर वारा असावा. विमान हिच्या खुर्चीसमोर टेबलावर ठेवून चहा घेतला. दोन कप झाला. सवयीने होतो, त्यात विशेष काही नाही.

९ मार्च, रविवार, दुपारी
वारा फार होता.
विमान झकास उठलं. लेकीने टाळ्या वाजवल्या. मग नाक वर, आणखी वर, आणि हवेतच थबकलं. रिमोटही बिघडला असणार. पंखांचे तुकडे झाले. बॅटरी शेपटीकडे घसरलेली सापडली. बाबा, पट्टा कुठंय, लेकीने विचारलं. वारा, म्हटलं. तिने माझ्या छत्रीकडे पाहिलं.

संध्याकाळी
लेक गेली. विमान नेलं नाही. राहू दे तुमच्याकडेच, म्हणाली. दारात रडली. माझेही डोळे भरले. धूळ गेली म्हटलं.

१० मार्च
वारा नव्हता.
छत्रीचा पट्टा सोडला. बॅटरीवरून घेतला आणि हिच्यासारखा दोनदा ओढून आवळला. मैदानात गेलो. विमानाचं धड उलटं धरून चारचौघांत गदागदा हलवलं. बॅटरी तसूभर हलली नाही. हिला दाखवायला हवं होतं.
फिरायला आलेल्या एका बाईंनी विचारलं, आता उडवणार का? हो म्हटलं.
पंख घरी टेबलावर होते.