नाकापर्यंत आलेली नात

डहाणू रोड,
२१ नोव्हेंबर १९९९

श्रीयुत प्रविणराव यांना काशीनाथचा सप्रेम नमस्कार.

आपलं पत्र परवा पोचलं. नाशकात थंडी पडली असून आपली पाठ पुन्हा धरली आहे, हे वाचून वाईट वाटलं. त्यात विहीणबाई लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेत, म्हणजे शेकायला पाणी तापवून देणारंही घरात कोणी नाही. जपून असावं, वाकून काही उचलू नये. आमच्याकडे सगळं ठीक. सरलाचे गुडघे होते तसेच आहेत. माझं ब्लडप्रेशर डॉक्टरांच्या मते जास्त आणि माझ्या मते वयाला शोभेल इतकंच आहे. चिकू यंदा बरा आलाय. नाशिककडे जाणारं कोणी भेटलं की एक करंडी पाठवतो. (मागची करंडी आपल्यापर्यंत पोचेतो तिचा लगदा झाला होता, हे आपण कधी बोलला नाहीत, ते सूनबाईकडून, अदितीकडून कळलं. आपला मोठेपणा.)

आपण पत्रात दोन गोष्टी विचारल्या आहेत. तुम्हाला दिलेला लॅपटॉप चालतो का, आणि नातीचा फोटो पाहिलात का. दोन्हींचं उत्तर 'हो' असं देऊन मी मोकळा झालो असतो, पण सारा जन्म स्टेशन मास्तरकीत गेल्यामुळे अर्धवट रिपोर्ट द्यायची सवय नाही. म्हणून सविस्तर लिहितो. पाठीला उशी घेऊन वाचावं.

आपल्या ऑफिसने मोडीत काढलेला लॅपटॉप आपण आठवणीने आमच्यासाठी राखून ठेवलात, याबद्दल आधी आभार. यंत्र जुनं आहे, पण जुन्या इंजिनासारखं वजनदार आहे. (झाकण आपोआप मिटतं, त्याला मागून सरलाचा पाटा टेकवला आहे.) आपण सांगितलं होतंत की फोनची वायर त्याच्या कुशीत खुपसली, इंटरनेटच्या कंपनीचा नंबर फिरवायला सांगितला, की गौरवची पत्रं आणि नातीचे फोटो घरात यायला लागतील. यातलं वायर खुपसणं पहिल्याच दिवशी जमलं. पुढचं जमवण्यात आमची दिवाळी गेली. त्याचं असं झालं, की आमचा फोन मधल्या खोलीत देवांच्या फळीखाली आहे आणि लॅपटॉप मी ओटीवर मांडला होता. ओटीवर वारा असतो. शिवाय येणाऱ्याजाणाऱ्याला तो दिसतो, हेही एक कारण होतं, नाही कशाला म्हणू? पण वायर काही तिथवर पुरेना.

तेव्हा ललितभाईला बोलावलं. ललितभाई म्हणजे आमच्या स्टेशनजवळचा टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारा. तलासरीपर्यंतचे टीव्ही त्याच्याकडे येतात आणि बरेचसे त्याच्याकडेच राहतात. चिंचणीच्या बोटींवरचे वायरलेस सेटसुद्धा तोच बघतो, त्यामुळे वायर नावाच्या वस्तूबद्दल त्याला मनातून तिरस्कार आहे. त्याने आमची पुरवून-पुरवून जोडलेली वायर दोन बोटांत उचलली, खाली टाकली आणि म्हणाला, "काका, आ शूं लावलंय तुम्ही? बधुं वायरलेस करून टाकू ना!" दुसऱ्या दिवशी तो एक कॉर्डलेस फोन घेऊन आला. त्याचं बूड देवांच्या फळीखाली बसवलं. सुटा रिसीव्हर ओटीवर आणून त्याने उघडला, आत काहीतरी डाग दिला आणि लॅपटॉपची वायर त्यात खुपसली. अशा रीतीने डहाणूतला पहिला बिनतारी लॅपटॉप आमच्या ओटीवर सुरू झाला. लॅपटॉपने नंबर फिरवला, खरखर केली, आणि त्यातून शेजारच्या चिकूवाल्या शेटचा आवाज यायला लागला.

झालं असं, की शेटकडेही कॉर्डलेस होता आणि दोन्ही कॉर्डलेसचं आपसात काही ठरलेलं नव्हतं. शेट दिल्लीच्या व्यापाऱ्याला माल पिकल्याचं सांगत होते. ललितभाई म्हणाला, "जोयूं? पकडलं ना! आज दिल्ली पकडलं, उद्या अमेरिका पकडेल." सरलाला वाटलं, आता गौरवही असाच बोलेल, म्हणून ती पदर नीट करून पाटावर बसली. शेटचं संपल्यावर त्यांची सून निलम माहेरी बोलली. सरलाला गुजराती चांगलं समजतं. त्यानंतर सरला आणि निलम यांचं बोलणं जरा कमी झालं आहे, ते का, हे मी विचारलेलं नाही.

शेवटी लॅपटॉप मुकाट्याने आत देवांच्या फळीखाली नेला आणि वायर थेट भिंतीत खुपसली. कॉर्डलेसमधला डाग काढून ललितभाईने तो पुन्हा बोलण्यापुरता करून दिला. तरीही कनेक्शन लागेना. लॅपटॉप नंबर फिरवी, गळा काढी आणि मध्येच गप्प होई. आता यात माझं वागणं काय होतं, ते सांगतो. आपण रेल्वेतले नाही, म्हणून समजावून लिहितो. पुढच्या स्टेशनाने 'लाईन क्लिअर' दिल्याशिवाय इकडून गाडी सोडायची नाही, हा आमचा धर्म. सिग्नल हिरवा दिसला म्हणून मी कधी गाडी सोडली नाही, स्वतःच्या कानाने ऐकूनच सोडली. तेव्हा लॅपटॉपने नंबर फिरवायला घेतला, की मी ओटीवर झोपाळ्यावर बसून कॉर्डलेसचं बटण दाबून लाईन मोकळी आहे ना, ते ऐकत असे. प्रत्येक वेळी ती मोकळी नाही असंच आढळत असे. आत कोणीतरी किंचाळत असे.

मग कंपनीच्या तक्रारीच्या नंबरावर फोन केला. तिकडची मुलगी गोड बोलायची. ती म्हणाली, "सर, आता कनेक्ट करा आणि स्क्रीनवर काय दिसतं ते मला सांगा." मी फोन ठेवून कनेक्ट केलं. दिसलं ते सांगायला फोन उचलला, तर जे दिसत होतं ते गेलं. एक लाईन आणि दोन गाड्या, असा हा पेच. यावर मी तोडगा काढला. आमच्या पुढच्या खोलीच्या खिडकीतून रुळांपलीकडचा एसटीडी बूथ दिसतो. लॅपटॉप खिडकीशी सरकवला (यासाठी मात्र ललितभाईने वायर पुरवून दिली, सुतकी चेहऱ्याने), त्याच्यापुढे सरलाला बसवलं आणि मी बूथमध्ये जाऊन त्या मुलीला फोन लावला. ती सांगेल तसं मी सरलाला निशाण दाखवायचं. हिरवं दाखवलं की बटण दाबायचं, लाल दाखवलं की हात मागे घ्यायचा. लग्नापासून रेल्वे क्वार्टरमध्ये राहिलेल्या बाईला हे शिकवावं लागत नाही. रिटायर होताना झेंड्या जमा कराव्या लागतात, म्हणून गौरवच्या लग्नात आपल्याकडून आलेले मानाचे ब्लाउजपीस काठ्यांना बांधले. (कापडाचा रंग उत्तम. उन्हातही लांबून दिसतो.)

दोन बटणं व्यवस्थित झाली. तिसऱ्याला मी लाल दाखवलं आणि नेमकी तेव्हाच येणाऱ्या मालगाडीच्या ड्रायव्हरने तीन शिट्ट्या देऊन गाडी हळू केली. मी घाईघाईने हिरवं दाखवलं, तर सरलाने नको ते बटण दाबलं. सध्याचे स्टेशन मास्तर माझ्याच हाताखाली तयार झालेले. ते धावत आले, मला पाहून चपापले आणि म्हणाले, "साहेब, आपण आत्ता ड्यूटीवर नाही." एवढंच म्हणाले. नंतर त्यांनी चहाही पाजला. पण फोन ठेवण्यापूर्वी त्या मुलीने विचारलं होतं, की सर, घरात दुसरा फोन आहे का, आणि मध्ये कोणी तो उचलतं का? मी तिला लाईन क्लिअरची पद्धत नीट समजावून सांगितली. मग ती म्हणाली, "सर, तो फोन उचलू नका." तेव्हापासून मी कॉर्डलेसला हात लावत नाही. फक्त जवळ ठेवतो.

त्यानंतर कनेक्शन लागलं. फोटोची हकिगत आता थोडक्यात लिहितो, कारण ती मुळातच थोडक्यात आटोपली. हे फोटो वरून खाली उतरतात, हे आपल्याला माहीत असेलच. सरला आतून कणकेचे हात घेऊन धावत आली. आधी गुलाबी टोपडं आलं. बऱ्याच वेळाने कपाळ आलं. मग भुवया, असल्यासारख्या. मग डोळे आले, एक उघडा आणि एक अर्धवट. सरला म्हणाली, "अगं बाई, बघतेय!" मी म्हटलं, थांब, गाडी अजून होम सिग्नलबाहेर आहे, सगळी येऊ दे. नाकाचा वरचा भाग आला, आणि तिथे गाडी थांबली ती थांबलीच. घरातल्या कोणीतरी फोन उचलला असावा. घरात आम्ही दोघंच आहोत. मी कोणाचं नाव घेत नाही. बायकांना फोनचा मोह असतो, आणि या वयात बोलून काय उपयोग?

नाक आपल्या घराण्यावर गेलंय असं आपण लिहिता. नाकाचा उगम मी पाहिला आहे. पुढे ते कोणत्या घराण्याकडे वळतं, यावर माझं मत मी राखून ठेवतो.

पुन्हा प्रयत्न का केला नाही, असं आपण म्हणाल. करता येईल. पण पुन्हा नंबर फिरवला आणि कनेक्शन लागलंच नाही, तर आलेलं तेवढंही पुसून जाईल, अशी मला धास्ती आहे. अर्धी गाडी फलाटाला लागलेली असताना ती मागे ढकलत नाहीत. म्हणून लॅपटॉप आहे तसा चालू ठेवला आहे. त्याची स्वतःची बॅटरी मेलेली असल्यामुळे लाईट गेली तर सगळंच जाईल, तेव्हा ललितभाईने ट्रकची बॅटरी आणि इन्व्हर्टर आणून जोडला आहे. त्यावर एरवी लग्नाच्या वरातीची रोषणाई चालते. घरात केर काढतानासुद्धा त्या बाजूला कुंचा न्यायचा नाही, असं मी सांगून ठेवलं आहे. सरला संध्याकाळी देवांना दिवा लावते तेव्हा खिडकीशीही उदबत्ती ओवाळते. मला हे पटत नाही, पण मी अडवत नाही.

बाकी ठीक. विहीणबाईंशी फोनवर बोलणं झालं की आमचा नमस्कार सांगावा. पाठीला एरंडेल चोळून पाहावं.

आपला,
काशीनाथ

ता. क. — आपल्याकडे फोटो पूर्ण उतरला आहे. त्याची कागदावर छापील प्रत निघत असेल तर पोस्टाने पाठवावी. घाई नाही. वरचा भाग आमच्याकडे पोचलेला असल्यामुळे नाकापासून खालचा पाठवलात तरी चालेल.

ता. क. — एक राहिलं. संक्रांतीनंतर विहीणबाई परत येतील. अदितीची नोकरी सुरू होईल, पोरीजवळ घरचं कोणीतरी लागेल. गौरव आपण होऊन आम्हाला विचारणार नाही, त्याला वाटतं आईला एवढा प्रवास झेपणार नाही. आणि मुलाच्या आईने 'मला बोलव' म्हणणं बरं दिसत नाही. आपण फोनवर, स्वतःला सुचल्यासारखं, त्याच्या कानावर घातलंत तर सरलाला जाता येईल. तिने दुपटी शिवून ठेवली आहेत आणि ट्रंकेतून काढून पुन्हा पुन्हा घड्या घालते. माझं काही नाही. इथे खानावळ आहे. मी सुचवलं असं कोणाला कळू देऊ नये, तिलाही नाही.

ता. क. — सरलाचा नमस्कार. पाकीट चिकटवायला ह्यांनी माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. रागावू नये. फोन मी उचलला नव्हता, माझे दोन्ही हात कणकेत होते. कॉर्डलेस ह्यांच्याच हातात होता. "सगळी येतेय ना, ऐकून घेतो," असं म्हणाले आणि बटण दाबलं. फोटो थांबल्यावर ह्यांचं तोंड असं झालं, की मी काही बोलले नाही. गौरव झाला तेव्हा आम्ही आडबाजूच्या स्टेशनात होतो आणि ह्यांना कायम रात्रपाळी. पोर जागं असायचं तेव्हा हे झोपलेले, हे उठायचे तेव्हा पोर झोपलेलं. गौरव चालायला लागेपर्यंत ह्यांनी त्याचे उघडे डोळे फारसे पाहिलेच नाहीत. आता रोज आंघोळ करून खिडकीशी बसतात आणि मला विचारतात, गौरव असाच बघायचा का गं? मी हो म्हणते. तेव्हा गौरवशी बोलाल तर मला नको, ह्यांना बोलवायला सांगा. माझं सगळं बघून झालंय. दुपटी मी ह्यांच्या बॅगेत घालीन. हे तिकडे गेले की लॅपटॉप बंद करून परत पाठवते.