अर्धा ओटा

प्रिय घड्याळजी,

खळ्ळ… धप्प! खळ्ळ… धप्प! डोळे मिट आणि बघ, आठवतो का हा आवाज. शाळेच्या दिवसांत सकाळी माझ्या ओट्यावर पाय लोंबकळत ठेवून आपण पाठांतराला बसायचो, आणि उताराच्या पायथ्याशी, खालच्या आळीतून, हा आवाज वर यायचा. पत्र्याचे डबे आणि पाणी, डबे आणि पाणी. त्या ठेक्यावर कविता काय सुरेख बसायची! खळ्ळला ओळ उचलायची, धप्पला टेकवायची. गुरुजी वर्गाला सांगायचे, या दोघांना चाल उपजतच आहे. उपजत कसली, उसनी होती. तू तर कवितेसाठी यायचासच नाहीस मुळी, शेजारच्या खिडकीसाठी यायचास, आणि पुढे लग्न करून त्याच खिडकीच्या आत राहायला आलास. पण चाल तुझीही चांगली होती, हे कबूल करतो. तो आवाज मी मध्यंतरी इतक्या वर्षांनी पुन्हा नीट ऐकला, अगदी हाताच्या अंतरावरून, आणि तेव्हापासून मला एकही कविता शेवटपर्यंत म्हणता येत नाही.

भिंतीपलीकडच्या माणसाला पत्र लिहितोय म्हणून हसू नकोस. तू कूस बदललीस तरी मला इकडे कळतं, पण मी हाक मारली की तुझी खिडकी लागते. समोरासमोर आलो की तुला एकदम आभाळात काहीतरी महत्त्वाचं दिसतं. बुद्धिबळाचे पांढरे मोहरे तू रागाने घरी घेऊन गेलास, काळे माझ्याकडे राहिले. आता दोघांनी आपापल्या घरी बसून कुणाला मात द्यायची ते तूच सांग. शेवटी म्हटलं, लिहावं. कागदाच्या तोंडावर खिडकी लावता येत नाही.

नकाशा लागला त्या दिवशी तूच मला दंडाला धरून नगरपालिकेत नेलंस. भिंतभर कागद, त्यावर आपली वरची आळी आणि तिच्या दोन्ही कडांनी लाल रेघ. रस्ता रुंद होणार, खालून जाड बंद नळ जाणार, आळीचं सगळं सांडपाणी उचलून उताराला वळसा घालून गावाबाहेर नेणार. इथपर्यंत ठीक. पण ती रेघ प्रत्येकाची पायरी, कठडा, ओटा कापत चालली होती, आणि नळाचं वळण बरोबर तुझ्या-माझ्या जोडओट्यातून. तू इंजिनीअर बाईंना म्हणालास, “बाई, तुमची पट्टी घसरली वाटतं.” त्या शांतपणे म्हणाल्या, “पट्टी नाही काका, जमीन घसरती आहे. पाणी तिचंच ऐकतं.” मला तिथेच रडू फुटलं. मी रडणारा माणूस. दाराचं जुनं कुलूप बदललं तरी माझा गळा भरून येतो. आणि म्हणूनच तर सगळ्यांनी हरकती घेतल्यावर सुनावणीसाठी आळीने मला पुढे केलं. “या कवड्यालाच बोलायला उभा करा,” हे तूच सुचवलंस, “हा आधी स्वतः रडेल, मग साहेबांना रडवेल.” सगळे हसले. मीही हसलो. खरं सांगायचं तर सुखावलो. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, ‘येथे उधार मिळणार नाही’ हेच माझं सर्वांत गाजलेलं काव्य. आता कुठे कुणी माझ्या आवाजाचं मोल करत होतं.

निषेधाची पाटीही अर्थात माझ्याकडेच आली. जमवलं की नाही फक्कड?

‘पाठ टेकून आयुष्य काढले ज्या ओट्यावर,
कुदळ चालवा आधी आमच्या छातीवर!’

तू ती ओळ मोठ्याने म्हणून दाखवलीस आणि स्वतःच्या छातीवर थाप मारून खोकत बसलास. ठरलं असं, की अशी एक पाटी उताराच्या पायथ्याशीही लावायची, म्हणजे वरची आळी पेटलीय हे खालच्यांनाही कळेल. शिडी, हातोडी, खिळे घेऊन मीच उतरलो. आपण इतकी वर्षं त्या उताराच्या डोक्यावर बसलो रे, पण पायथ्याशी मी कामाशिवाय कधी गेलो नव्हतो. तू गेला होतास?

मी शिडीवर चढतोय तोच कोपऱ्यातल्या घरातून एक बाई धावत आली. शिवणकाम करते, गळ्यात टेप तसाच. “थांबा काका, पडाल, मी धरते,” म्हणाली आणि शिडी धरून उभी राहिली. स्वतःच्याच विरुद्ध लागत असलेल्या पाटीची शिडी! मी शेवटचा खिळा मारला तेव्हा तिने ती ओळ सावकाश वाचली आणि म्हणाली, “अक्षर किती वळणदार आहे हो तुमचं.” टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, मी दोन दिले असते. आणि तेवढ्यात तिच्या घरातून आलं, खळ्ळ… धप्प!

मी खाली उतरून बघितलं. घड्याळजी, त्या आळीत प्रत्येक दाराला गुडघाभर उंच विटांचा बांध घातलाय. घरात शिरायचं म्हणजे टाकीत उतरल्यासारखं पाय उचलून आत टाकायचा. एवढं करूनही पाणी झिरपतं. तिचा नवरा आत उकिडवा बसून डब्याने ते काढत होता. बाजेवर तिची सासू पाय वर घेऊन बसलेली. मी विचारलं, “आजी बाहेर येत नाहीत का कधी?” तर म्हणाली, “बांध ओलांडायला दोघा-तिघांनी उचलावं लागतं त्यांना. मग त्याच म्हणतात, राहू द्या, बाहेर तरी काय ठेवलंय.” मी त्या पाण्याकडे बघत होतो. त्याला निळसर झाक होती. माझी नजर बघून ती हसली आणि अगदी सहज म्हणाली, “वर कुणीतरी आज पांढरे कपडे धुतलेत. निळीचं पाणी आलंय.”

निळीत मी बुडवला होता रे, सकाळी. सुनावणीला घालायचा सदरा.

त्यांना आपलं सगळं माहीत आहे. कुणाकडे पाहुणे आलेत, कुणाकडे आजारपण आहे, कुणी रंगकाम काढलंय. माझ्या पाट्यांचे ब्रश धुतलेलं पाणी कित्येक वर्षं तिथे गेलंय, लाल असेल तेव्हा लाल, हिरवं असेल तेव्हा हिरवं. आणि त्यांच्याबद्दल आपल्याला काय माहीत होतं? एक ठेका. मला वाईट वाटलं असं लिहिणार होतो, पण तुझ्याशी खोटं कशाला बोलू? मला संताप आला. शाळकरी पोरांनी त्या ठेक्यावर कविता म्हटल्या यात काही पाप नाही. पण म्हाताऱ्यांनीही त्याच ठेक्यावर म्हणत राहावं, आणि वर त्याला परंपरा म्हणावं, हे मला पटणार नाही. पाटी काढली, खांद्यावर टाकली आणि चढ चढून वर आलो. धाप लागली, पण डोकं कसं स्वच्छ झालं होतं.

सुनावणीचं तुला सांगायला नको, पहिल्या रांगेत तूच होतास. दोन रुमाल आणले होतेस, एक माझ्यासाठी, दुसरा स्वतः वापरायचा बेत असणार. मी उभा राहिलो, आणि गंमत म्हणजे डोळे ठणठणीत कोरडे. म्हणालो, “आमच्या आळीची हरकत आहे. ती अशी, की हे काम आजवर का झालं नाही? आणि आता करताच आहात, तर माझ्या दारापासून सुरू करा.” मग तू उठलास आणि गरजलास, “कवड्या, छाती कुठे गेली रे तुझी?” मी म्हटलं, “आहे तिथेच आहे. तिच्यावरचा ओटा तेवढा उतरवतोय.” हे उत्तर मला आयत्या वेळी सुचलं, आणि त्याचा मला अजूनही अभिमान वाटतो. तुलाही आवडलं होतं, खरं सांग. तुझी मिशी हलली होती.

मग आळीने मला वाळीत टाकलं. टाकू देत. मी दिसलो की लोक छत्री आडवी धरतात, ऊन असो नसो. किराणावाला मला बघून दुकानात मागे जाऊन पोती मोजायला लागतो. मुलाचा फोन आला, “बाबा, या वयात गल्लीशी वाकडं कशाला घेता?” म्हटलं, “या वयात नाही तर कधी? पुढच्या वयाची हमी तू देतोस का?” तो फोनवरच हसायला लागला. आणि बघ, आता एकेकाचा आवाज खाली यायला लागलाय. कुणाला दारापर्यंत रुग्णवाहिका येण्याचं सुख दिसू लागलंय, कुणाला गाडी लावायची जागा. एकेकाने हरकत मागे घेतली. उरली एकच, तुझी.

काल तू भिंतीपलीकडून ओरडलास, “तुझ्या बायकोने ओट्याशी लावलेला वेल उपटायला निघालास, लाज नाही वाटत?” हे मात्र लागलं. बाकी काहीही बोललास तरी मी परतवतो, हे नाही परतवता आलं. त्या वेलावर माझ्या किती कविता आहेत तुला माहीत आहे, सगळ्या सुमार, पण सगळ्या खऱ्या. ती गेली त्या वर्षी तो दुप्पट फुलला होता, तेव्हा मला त्याचाही राग आला होता. आज सकाळी मी तो मुळासकट खणून कुंडीत घेतला. पानांनी माना टाकल्या आहेत. जगेल, न जगेल. पण एक वेल जगावा म्हणून खाली एका म्हातारीला बाजेवर कोंडून ठेवा, असं ती म्हणाली नसती. आणि म्हणाली असती, तर मी तिच्याशीही भांडलो असतो. जन्मभर आम्ही काय कमी भांडलो!

ओटा मलाही प्रिय आहे, गड्या. तुझ्यापेक्षा काकणभर जास्तच. इथे तू आयुष्यातलं पहिलं घड्याळ उघडलंस आणि मिटताना एक चाक उरलं, तरी ते चालू लागलं. इथेच मी माझी पहिली कविता तुला ऐकवली आणि तू म्हणालास, “यातली कुठली ओळ तुझी?” ऊन कलताना तुझ्या बाजूचा दगड आधी निवतो आणि माझ्या बाजूचा मागाहून, हे जगात आपल्या दोघांखेरीज कुणाला ठाऊक आहे? म्हणून तर दुसऱ्या कुणी त्याला हात लावण्याआधी मला लावायचाय.

आता कशासाठी लिहितोय ते सांगतो. इंजिनीअर बाई येऊन गेल्या. म्हणाल्या, जोडओटा आहे, एकाचीही हरकत उभी राहिली तर नळाला तिथे वळता येणार नाही, आणि वळला नाही तर यंदाचं काम गावाच्या दुसऱ्या टोकाला जाईल. मग पुन्हा कधी, ते त्यांना सांगता येणार नाही. हरकत मागे घ्यायची मुदत उद्या संपते. मी तुझी मनधरणी करायला लिहीत नाही, तसं वाटलं असेल तर पत्र पुन्हा पहिल्यापासून वाच. मी कळवायला लिहितोय, की उद्या सकाळी माझा अर्धा ओटा मी स्वतःच्या हाताने फोडणार आहे. यंत्राची वाट बघणार नाही. मधला दगड दोघांचा आहे, तुझ्या अर्ध्याला तडा गेला तर जाईल. तू तुझ्या अर्ध्यावर येऊन आडवा झोपलास तरी मी माझ्या अर्ध्यावर घाव घालीन, फक्त तुझ्या कानाला त्रास होऊ नये म्हणून जरा लांबून सुरुवात करीन. तू ‘गद्दार’ म्हण. पण खिडकी उघडून म्हण. खिडकीआडून दिलेल्या शिव्या मला पुरत नाहीत.

थांब जरा, दार वाजतंय.

उघडून आलो. उभ्याउभ्याच लिहितोय. मला वाटलं बाई असतील, नाहीतर तू. पण दारात तुझी बायको उभी आहे. वहिनी! हातात तुमच्या अडगळीतला मोठा घण. मी म्हटलं, “वहिनी, मी त्यालाच लिहीत होतो, उद्या सकाळी फोडणार म्हणून.” त्या म्हणाल्या, “उद्या कशाला भाऊजी? हरकत घरमालकाने घ्यायची असते ना? घर माझ्या वडिलांनी माझ्या नावावर केलंय. मी हरकत घेतलेली नाही, असं आत्ताच नगरपालिकेत सांगून आले.” घड्याळजी, हे आख्ख्या आळीला माहीत होतं आणि आख्खी आळी विसरली होती, मी धरून. मी चाचरत म्हटलं, “पण वहिनी, तुम्हाला काहीच नाही वाटत? एवढ्या आठवणी या ओट्याच्या…” तर घण उंबऱ्याशी टेकवून त्यांनी विचारलं, “कुणाच्या? तुमची ती आणि मी, आम्ही दोघी कधी बसलोय का या ओट्यावर? कायम तुमचा पट मांडलेला असायचा.”

याचं उत्तर तुला सुचत असेल तर लगेच बाहेर ये, कारण त्या थांबायला तयार नाहीत, आणि पहिला घाव त्यांना तुमच्याच अर्ध्यावर घालायचा आहे.

तुझाच, आणि आता त्यांच्याही बाजूचा,
कवड्या